पडद्यावरचा प्लेग

"आंटी, ज्याने प्लेगवर इलाज शोधला, तोच प्लेगने कसा मेला?"

हा प्रश्न मला हैदराबादेतल्या आमच्या विद्यानगरातल्या गच्चीवर विचारला गेला. आमच्या इमारतीत अधूनमधून शनिवारी रात्री पांढरी चादर ताणून जुना चित्रपट लावतात. त्या शनिवारी माझ्या आग्रहाखातर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' लावला होता. विचारणारी मुलगी शेजारच्या तेलुगू कुटुंबातली, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली. इतर मंडळी डोळे पुसत होती, आणि हिचे लक्ष रोगाच्या लक्षणांकडे होते. मी तिला म्हटले, "खरे डॉक्टर कोटणीस प्लेगने गेलेच नाहीत गं. त्यांना फिट यायच्या. त्यातच ते गेले." तिने चमकून विचारले, "मग सिनेमात ते का नाही दाखवले?"

त्या रात्री मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख तिच्यासाठी आहे, आणि थोडा माझ्यासाठीही. माझे माहेर सोलापूरचे. माझ्या धाकट्या भावाला आकडी येत असे आणि ती गोष्ट आमच्या घरात वर्षानुवर्षे दार लावून बोलली गेली. त्यामुळे कोटणीसांच्या फिटा पडद्यावरून कुठे गेल्या, हा माझ्यासाठी नुसता चित्रपटाच्या रसग्रहणाचा प्रश्न नाही.

आधी खरी हकिकत सांगते. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वैद्यकीचे शिक्षण मुंबईत परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात झाले. १९३७मध्ये जपानने चीनवर मोठी चढाई केली. चिनी सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, सप्टेंबर १९३८मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते. सोबत नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सर्वांत तरुणांपैकी एक असलेले कोटणीस. वाटेत असतानाच वडील गेल्याची बातमी त्यांना कळली, पण ते परतले नाहीत. १९३९च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात, जपान्यांनी रोखून धरलेल्या रेल्वेमार्गांच्या पलीकडे, ते चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास हातातली सुरी खाली ठेवली नाही, असे सांगतात. १९४१मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय होते ३२.

आता चित्रपट. बातमी भारतात पोहोचली तेव्हा युद्ध चालूच होते. डॉ. बसू १९४३मध्ये परतले. त्यांच्याकडून ऐकून ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले, आणि त्यावरून अब्बास आणि व्ही. पी. साठे यांनी पटकथा बांधली. व्ही. शांताराम प्रभात सोडून परळमध्ये राजकमल कलामंदिर उभारून बसले होते. १९४६मध्ये चित्रपट आला. हिंदीबरोबर इंग्रजी आवृत्तीही निघाली. संगीत वसंत देसाईंचे, छिंगलानच्या भूमिकेत जयश्री, आणि कोटणीस स्वतः शांताराम. अठ्ठाविशीत चीनला गेलेल्या डॉक्टरची भूमिका चव्वेचाळीस वर्षांचा नट करतो आहे, ही पहिलीच अडचण. ती मात्र प्रेक्षक दहा मिनिटांत विसरतो. शांतारामांच्या चेहऱ्यावर एक हट्ट आहे, आणि तो हट्ट या भूमिकेला हवाच होता.

पडद्यावर काय घडते? डॉक्टर चीनला जातो, छिंगलान भेटते, लग्न होते. एका भयंकर साथीवर तो इलाज शोधतो. जपानी तुकडी त्याला पकडते, तो निसटतो. पण साथीने त्याला गाठलेले असते, आणि त्यातच तो जातो. कोटणीसांच्या आयुष्यात अशी साथ नाही, अशी कैदही नाही.

कथेत सोयीसाठी घातलेल्या अशा गोष्टींना आपण "ओढूनताणून" म्हणतो. पण सगळी ओढाताण सारखी नसते. लेखकाने नायकाला अडचणीत टाकायला योगायोग वापरला तर आपण काही बोलत नाही. पाऊस, चुकलेली गाडी, हरवलेले पत्र हे आयुष्यात होतच असते. तोच योगायोग नायकाला सोडवायला आला की आपण खुर्चीत सावरून बसतो. जपान्यांची कैद आणि सुटका याच जातीची आहे. डॉक्टर पकडला जाणार हे दिसते, सुटणार हेही दिसते, कारण त्याला पत्नीच्या मांडीवर मरायचे आहे. मधला सगळा ताण लेखकाने उसना आणलेला आहे. वाईट याचे वाटते की खरा ताण हाताशी होता. रात्रीच्या अंधारात, जखमींच्या डोल्या घेऊन, पहाऱ्याखालचा लोहमार्ग ओलांडायचा, आणि कोणाचे मूल रडू नये म्हणून श्वास धरायचा: त्या मुलखातले हे रोजचे जिणे होते. अशा दृश्याला बनावाची गरजच नव्हती.

युद्धपटांना हे का करावे लागते, हे समजून घ्यायला जगातला सर्वांत गाजलेला दाखला घ्या. डेव्हिड लीनचा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' १९५७चा. त्यात कैदेतला ब्रिटिश कर्नल जपान्यांसाठी पूल बांधण्यात इतका गुंततो की तो शत्रूचा पूल आहे हे विसरतो. प्रत्यक्षात तिथल्या कैद्यांचे वरिष्ठ अधिकारी कर्नल टूझी हे अगदी उलट वृत्तीचे होते. जपान्यांनाही पुलासाठी ब्रिटिश अभियंत्यांची गरज नव्हती. आणि खरा पूल कमांडोंनी सुरुंग लावून पाडला नाही, १९४५मध्ये विमानांनी बाँब टाकून निकामी केला. चित्रपटाच्या शेवटी तर मरता मरता कर्नल नेमका सुरुंगाच्या दांड्यावरच कोसळतो. यापेक्षा मोठा योगायोग कोणी रचेल काय? तरीही तो आपल्याला खुपत नाही. कारण तिथवरचे अडीच तास चित्रपट एकच गोष्ट विचारत आलेला असतो: या माणसाला आपण काय केले हे कधी कळणार? त्याच्या देहाने त्याच क्षणी ते उत्तर द्यावे, ही कथेची भूक होती. बनाव आहे, पण माणसाच्या आतून आलेला.

मग कोटणीसांच्या प्लेगची भूक कुठून आली?

यासाठी १९४६च्या प्रेक्षकाच्या खुर्चीत बसावे लागते. महाराष्ट्राला प्लेग हा शब्द समजावून द्यावा लागत नव्हता. १८९६मध्ये मुंबईत आलेली साथ, पुढच्या वर्षी पुण्यात घरोघरच्या झडत्या, रँडचा खून, चाफेकरांची फाशी हे आजीच्या तोंडून ऐकलेले होते. गावाबाहेर झोपड्यांत काढलेले हिवाळे लोकांच्या आठवणीत होते. इथे हैदराबादेतही तेच. विद्यानगरला लागून नल्लकुंट्यात साथीच्या रोगांचे सरकारी रुग्णालय आहे. त्याचे कागदोपत्री नाव कितीही लांब असो, जुने रिक्षावाले त्याला 'कोरंटी दवाखाना' म्हणतात. हे कोरंटी म्हणजे क्वारंटाइन, लोकांच्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेले. एका शब्दात विलगीकरणाची सगळी भीती भरून राहिली आहे. प्लेगशी झुंजणारा डॉक्टर म्हटले की त्या काळच्या प्रेक्षकाला पुढचे काही सांगावे लागत नसे.

शिवाय परळ. शांतारामांचा स्टुडिओ परळला, कोटणीसांचे कॉलेज परळला, आणि हाफकिन संस्थाही परळलाच. वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगवरची लस मुंबईत तयार केली आणि जानेवारी १८९७मध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. स्वतःच्या देहावर रोगाचा सामना करणारा वैद्य ही प्रतिमा त्या परिसराच्या हवेतच होती. लेखकांनी ती जाणूनबुजून उचलली की नकळत, ते मी ठरवणार नाही. पण ती तिथे पिढ्यानपिढ्या होती एवढे खरे.

दुसरा धागा याहून जवळचा आहे. कोटणीस ज्या रुग्णालयाचे संचालक झाले त्याला ज्यांचे नाव होते, ते कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून. नोव्हेंबर १९३९मध्ये ते गेले. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, हातमोजे नव्हते, जखमेत विषबाधा झाली आणि ती अंगभर पसरली. रुग्णाला वाचवता वाचवता त्याच्याच रोगाने डॉक्टर जाणे, हा बेथ्यून यांचा शेवट आहे. पडद्यावरच्या कोटणीसांना मला नेहमी बेथ्यून यांचे मरण दिलेले दिसते. ते मरण वीराचे आहे, स्वच्छ आहे, कार्यकारणाच्या साखळीत बसते. डॉक्टर रोगाशी लढला आणि तोच रोग डॉक्टरवर उलटला. प्रेक्षकाला एका वाक्यात सांगता येते.

अपस्मार असा सांगता येत नाही. तो लढाईतून येत नाही. शत्रू त्याला कारण नाही. त्याच्याशी लढून जिंकल्याचे दृश्य रचता येत नाही. माणूस बोलता बोलता कोसळतो, तोंडाला फेस येतो, आजूबाजूचे लोक मागे सरकतात. आपल्याकडे चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाशी धरतात, बाहेरची बाधा म्हणून उतारा टाकतात. माझ्या भावाच्या बाबतीत हे सगळे मी पाहिले आहे. वीराला असा रोग असू शकतो, हे तेव्हाच्या चित्रपटाला झेपले नसते. आजच्यालाही झेपते का, मला शंका आहे.

पण यामुळे हातातून काय निसटले ते बघा. झटके यायला लागल्यावर उपचारासाठी मागे जाण्याचा सल्ला कोटणीसांनी मानला नाही. ते शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते, तेही चिनी वाचकासाठी. एक पुस्तक संपवून दुसरे हाती घेतले होते. ज्या वर्षी ते मुंबईहून निघाले, त्याच १९३८मध्ये फेनिटोइन हे औषध झटक्यांवर वापरात आले. फेनोबार्बिटोन तर १९१२पासून माहीत होते. म्हणजे जगात औषधे होती, पण नाकेबंदी केलेल्या डोंगरांत कुठले औषध पोहोचेल याची शाश्वती नव्हती. ज्या माणसाला पुढचा झटका कधी येईल हे माहीत नाही, तो दुसऱ्याच्या पोटावर चीर देण्याआधी काय विचार करत असेल? आपला हात थरथरेल का, हे तो स्वतःला किती वेळा विचारत असेल? अशा प्रसंगातले धैर्य प्लेगपेक्षा कितीतरी मोठे आहे आणि ते प्रसंग लेखकांना आयते मिळाले होते. त्यांनी ते झाकले. माझ्या मते या चित्रपटातली खरी चूक हीच.

राजकारणाची गोष्टही काहीशी अशीच. कोटणीस १९४२मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षात गेले होते. पडद्यावरचा नायक मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत भारताचा प्रतिनिधी राहतो, आणि त्याचे सगळे मोठेपण भारताच्या खात्यात जमा होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या १९४६मध्ये हे समजण्यासारखे आहे, म्हणून यावर मी अधिक थांबत नाही. मला अधिक खटकते ती भाषा. सगळे चिनी शुद्ध हिंदुस्तानी बोलतात. तेव्हाच्या चित्रपटात दुसरा मार्ग नव्हता, हे कबूल. पण कोटणीस चिनी शिकले, त्या भाषेत शिकवू लागले, आणि के दिहुआ हे चिनी नाव त्यांनी घेतले, हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर भाग होता. पथकातल्या पाचही जणांच्या चिनी नावाच्या शेवटी हुआ आहे. माणूस परक्या भाषेत रुग्णाला "दुखतंय का?" विचारायला शिकतो, आणि तिथूनच तो तिथला होऊ लागतो. सगळेच हिंदुस्तानी बोलत असल्यामुळे ते शिकणे दिसतच नाही.

एवढे दोष मांडूनही हा चित्रपट मी पुन्हा का लावला, हे आता सांगायला हवे.

पहिले कारण नायकाच्या हातातले हत्यार. भारतीय युद्धपटात नंतर जे येत गेले, त्यात १९६४चा 'हकीकत' मला मोठा वाटतो. तो लडाखच्या खऱ्या उंचीवर चित्रित झाला आणि हरलेल्या लढाईवर आहे. तरी तिथेही धीराचे माप बंदुकीनेच आहे. कोटणीसांच्या कथेत युद्ध शस्त्रक्रियेच्या टेबलावरून दिसते. जखमी कुठल्या बाजूने आला याहून रक्त किती गेले हे महत्त्वाचे ठरते. १९४६मध्ये, जगभर विजयाचे चित्रपट निघत असताना, मुंबईच्या एका मराठी दिग्दर्शकाने असा नायक निवडला. त्यानंतर सोळाच वर्षांनी भारत आणि चीन एकमेकांसमोर बंदुका घेऊन उभे राहिले, हे माहीत असताना आज हा चित्रपट बघणे जड जाते.

दुसरे कारण शेवट. मृत्यूच्या वाटेवरचा कोटणीस छिंगलानला सांगतो की ती भारतात जाईल, त्याच्या घरी जाईल, आणि तिथे तिचे काय स्वागत होईल. तो बोलतो आणि पडद्यावर ते घडू लागते. सून बाळाला घेऊन घरी येते. सांगणारा नाही, पण आवाज त्याचाच आहे. हा तर सरळ सरळ बनाव आहे. चित्रपट निघाला तेव्हा खऱ्या छिंगलान चीनमध्येच होत्या. तरीही इथे माझा गळा दाटतो, आणि त्या रात्री गच्चीवरचे तेलुगू, मराठी, उर्दू बोलणारे सगळे गप्प झाले होते.

हा बनाव का चालतो, त्यावर मी बराच विचार केला. कैद आणि सुटका बाहेरून आणलेली आहे, ती माणसाबद्दल नवे काही सांगत नाही. प्लेग तर माणसाला झाकतो. हा शेवट मात्र त्याच्या आतले बाहेर आणतो. चार वर्षे घरापासून लांब असलेला मुलगा, ज्याला बापाच्या तेराव्यालाही जाता आले नाही, त्याच्या मनात रोज रात्री हीच वाट असणार. आपण परत जाणार नाही हे कळले की माणूस ती वाट दुसऱ्याच्या पायांनी चालतो. इतिहासात ते दृश्य घडले नाही, पण कोटणीसांच्या मनात ते नक्की घडले असावे असे वाटते. आणि आपल्या मराठी घरातला सुनेच्या स्वागताचा प्रसंग, उंबरठ्याशी थबकलेली परक्या देशाची मुलगी आणि तिच्या कडेवरचे बाळ, हे शांतारामांनी ज्या मायेने घेतले आहे, ते नेमके तिथल्याच माणसाला जमते.

पुढे छिंगलान प्रत्यक्षातही भारतात आल्या, एकदा नव्हे तर अनेकदा, आणि कोटणीस कुटुंबाने त्यांना आपलेच मानले. चित्रपट आधी आला आणि आयुष्य त्याच्या मागून. २०१२मध्ये त्या गेल्या.

यिनहुआही वैद्यकी शिकत होता. १९६७मध्ये, पंचविशीही पूर्ण होण्याआधी, तोही गेला.

शेजारच्या मुलीला मी हे सगळे दुसऱ्या दिवशी चहावर सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आंटी, आमच्या वॉर्डात फिटची पेशंट आली की घरचे लोक खोटेच सांगतात. चक्कर आली, उन्हाने झाले, असले काहीतरी." मला माझी आई आठवली. तीही हेच सांगायची.

तुम्ही हा चित्रपट पाहाल तर जरूर पाहा, आणि घरातल्या मुलांना बरोबर घेऊन बसा. तो संपला की त्यांना सांगा, डॉक्टर प्लेगने गेले नाहीत. त्यांना फिट यायच्या, आणि त्या येत असतानाही ते रोज शस्त्रक्रिया करत होते. हैदराबादहून मुंबईला जाणारी गाडी सोलापूरला थांबते. तिथे भैय्या चौकात कोटणीसांच्या जुन्या घरी त्यांचे स्मारक आहे. एखाद्या खेपेला उतरा.